"४० एक्स" भिंग, "१००० एक्स" मायक्रोस्कोप आणि जुने अमेरिकन सेंट: नाणी तपासण्याच्या संचाचं परीक्षण

नाणी तपासायचा "संपूर्ण संच" म्हणून ऑनलाइन जे विकलं जातं त्यात बहुधा तीन वस्तू येतात. "४० एक्स" असं कोरलेलं घडीचं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा खिशातला काटा आणि संगणकाला जोडायचा "१००० एक्स" यूएसबी मायक्रोस्कोप. एखादा विक्रेता वर लोहचुंबकही टाकतो. इंडियन हेड आणि लिंकन सेंट, बफेलो निकेल (पाच सेंट), मर्क्युरी डाइम (दहा सेंट) अशा एक ते दहा सेंटच्या जुन्या अमेरिकन नाण्यांतल्या दुर्मीळ व्हरायटी (म्हणजे साच्यातल्या फरकामुळे वेगळी ठरणारी नाणी) या संचाने ओळखता येतात का, एवढंच इथे तपासलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. काटा उत्तम आहे, भिंग फेकून द्या आणि त्याजागी खरं १० एक्स ट्रिपलेट (तीन काचांचं भिंग) घ्या. मायक्रोस्कोप व्हरायटी ओळखण्यासाठी वापरू नका, ओळखलेल्या व्हरायटीचा फोटो काढण्यासाठी वापरा. ज्यांना हे उलटं वाटतं ते बहुतेक वेळा मशीन डबलिंगला (नाणं पाडताना आलेल्या दुहेरी कडेला) डबल डाय (साच्यातच दुहेरी उमटलेलं लिखाण) समजून बसलेले असतात.

भिंग

भिंगाची वर्धनशक्ती साधारणपणे २५० ला मिलिमीटरमधल्या केंद्रांतराने भागून मिळते. म्हणजे ४० एक्स भिंगाचं केंद्रांतर सव्वासहा मिलिमीटर हवं. संचातल्या भिंगावर "४० एक्स – २५ मिमी" असं लिहिलेलं असतं, त्यातले २५ मिलिमीटर म्हणजे काचेची रुंदी. २५ मिलिमीटर रुंदीच्या साध्या एकेरी काचेचं केंद्रांतर ६ मिलिमीटर असूच शकत नाही, तेवढी फुगीर काच त्या चौकटीत मावणारच नाही. खात्री करणं सोपं आहे. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद धरा, भिंग मागेपुढे करून खिडकीची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट पाडा आणि काच ते कागद अंतर पट्टीने मोजा. अंतर ४० ते ५० मिलिमीटर निघालं तर हातात ५ किंवा ६ एक्सचं भिंग आहे, वर काहीही कोरलेलं असो.

खोटा आकडा एकवेळ चालवून घेता येईल, कारण ५ एक्सही ढिगातून नाणी वेगळी काढायला कामाचं असतं. खरी अडचण कडांना आहे. एकेरी काचेत मध्यभाग सोडला की अक्षरं वाकतात आणि त्यांच्या बाजूने निळ्या-तांबड्या रेघा उमटतात. डबलिंग शोधणाऱ्याला अक्षराशेजारी रंगीत सावली दिसणं म्हणजे फसगतच. ट्रिपलेटमध्ये तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि त्यांनी हे दोन्ही दोष बऱ्यापैकी घालवलेले असतात. बेलोमोचं १० एक्स, २१ मिलिमीटरचं ट्रिपलेट किंवा बॉश अँड लोम्बचं हेस्टिंग्ज ट्रिपलेट, दोन्ही या कामाला पुरेपूर आहेत. बेलोमोची काच मोठी असल्याने चष्मेवाल्यांना ते जास्त सोयीचं पडतं. कुठलंही ट्रिपलेट घेतलं तरी आधी आलेखाच्या कागदावर ठेवून बघा. चौकटी कडेपर्यंत सरळ दिसल्या पाहिजेत आणि काळ्या रेघेला रंगाची झालर नको.

२० एक्स घेण्याचा मोह टाळा. त्याचं केंद्रांतर साडेबारा मिलिमीटर, म्हणजे नाणं काचेला जवळजवळ टेकवावं लागतं. मग भिंगाची चौकटच उजेड अडवते आणि एका वेळी दोन-तीन अक्षरांपलीकडे काही दिसत नाही.

१० एक्स वापरताना भिंग डोळ्याजवळ आणा, चष्मा असेल तर चष्म्याला टेकवा. कोपर टेबलावर टेकवा आणि नाणं कडेला धरून खालून वर, स्पष्ट दिसेपर्यंत उचला. दुसरा डोळा उघडाच ठेवा. भिंग नाण्यावर धरून लांबून वाकून बघणारे अर्धी काच वाया घालवतात. खाली जाड मऊ कापड हवं, आणि तपासताना नाण्यावर तोंड करून बोलू नका. थुंकीचा बारीक थेंब तांब्यावर कायमचा काळा ठिपका सोडतो.

कुठे बघायचं

चांगलं भिंग आल्यावरही नाण्यावर नेमकं कुठे बघायचं हे माहीत नसेल तर उपयोग नाही. या मालिकांमध्ये प्रत्येक किमती नाण्याच्या एकदोन ठरलेल्या जागा असतात. त्या माहीत असल्या की एका नाण्याला अर्धं मिनिट पुरतं.

१९६९-एस डबल डाय सेंटपासून सुरुवात करू, कारण त्यातून बाकीच्या नाण्यांचंही तर्कशास्त्र कळतं. त्या काळी टांकसाळीत डाय (नाणं पाडायचा साचा) तयार करताना हब (डायवर चित्र उमटवणारा मूळ ठसा) डायवर एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागे. मधल्या वेळेत डाय भट्टीत घालून मऊ करत. दुसऱ्या दाबाला डाय किंचित फिरलेला असला की सगळं लिखाण दोनदा उमटे. मिंटमार्क (टांकसाळीचं अक्षर, "एस" म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, "डी" म्हणजे डेन्व्हर) मात्र हबवर नसायचा. तो तयार डायवर हाताने, पंच ठेवून ठोकला जाई, आणि सेंटवर ही पद्धत १९८९ पर्यंत चालली. म्हणून खऱ्या १९६९-एस डबल डायवर तारीख, "लिबर्टी" आणि "इन गॉड वुई ट्रस्ट" दुहेरी दिसतात, पण "एस" एकेरीच असतो. "एस"सुद्धा त्याच दिशेने दुहेरी दिसला तर नाणं बाजूला ठेवा, ते मशीन डबलिंग आहे. बाजारात "१९६९-एस डबल डाय" म्हणून येणाऱ्या फोटोंपैकी बहुतेक या एका नियमाने निकालात निघतात.

मशीन डबलिंग होतं ते नाणं पाडताना डाय हलल्याने. डाय नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड दाबून सपाट करतो. त्यामुळे अक्षराशेजारी खालच्या पातळीवर एक चपटी, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर अरुंद होतं. डबल डायमध्ये उलट होतं. दोन्ही प्रतिमा उठावदार आणि गोलसर माथ्याच्या असतात, अक्षर एकूण रुंद होतं आणि टोकांना, विशेषतः "टी"च्या आणि "ई"च्या कोपऱ्यांत, खाच पडते. ती खाच शोधा, नुसती जाडी नको. तिसरा प्रकार जुन्या झिजलेल्या डायचा. त्यात अक्षरं सुजल्यासारखी फुगतात आणि त्यांच्या बाजूला पुसट सावली येते. १९५५ च्या सेंटवर शेवटच्या ५ ला अशी सावली दिसते, त्याला अमेरिकेत "पुअर मॅन्स डबल डाय" म्हणतात आणि त्याची किंमत जवळपास साध्या नाण्याइतकीच.

खरा १९५५ डबल डाय नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतो. तारीख आणि अक्षरं इतकी सरकलेली आहेत की भिंगाचं काम फक्त बनावट वेगळं काढणं. त्यासाठी मागच्या बाजूला "सेंट"मधल्या "टी"च्या डाव्या बाजूला बघा. खऱ्या डायवर तिथे पॉलिशिंगच्या बारीक उभ्या रेघा आहेत. नाणं फार झिजलेलं असेल तर त्या दिसणार नाहीत. तेव्हा अक्षरांच्या उतारांवरून ठरवावं लागतं आणि ते काम जाणकाराचं.

१९७२ च्या फिलाडेल्फिया टांकसाळीच्या सेंटचे डबल डाय अनेक आहेत, पण मोठी किंमत एकाच डायला. त्याची खूण मागच्या बाजूला "युनायटेड"मधल्या "डी"च्या वर, कडेजवळ असलेला छोटासा उठाव. ही जागा आधी बघा, मग पुढची बाजू. बरेच लोक उलटं करतात आणि सौम्य डबल डायला त्या महागड्या डायची किंमत देतात.

मिंटमार्क चिकटवलेली नाणी हा सगळ्यात जुना धंदा. १९०९-एस व्हीडीबी (व्हीडीबी ही नाण्याच्या रचनाकाराची आद्याक्षरं) फक्त ४,८४,००० पाडले गेले, तर मिंटमार्क नसलेले १९०९ व्हीडीबी पावणेतीन कोटींहून जास्त. त्यामुळे साध्या नाण्यावर "एस" लावायचा आणि विकायचं. तपासणी अशी: दिवा खाली, नाण्याच्या पातळीजवळ आणा म्हणजे उजेड तिरका पडेल, आणि "एस"च्या बुडाशी बघा. खऱ्या नाण्यावर मोकळ्या भागाचा धातू अक्षरात सलग चढत जातो. चिकटवलेल्या अक्षराभोवती काळी किंवा रंग बदललेली शिवण असते, किंवा डागाने ती झाकलेली असते. मग अक्षराचा आकार. त्या काळच्या "एस"ची वरची आणि खालची टोकं उभी आणि एकमेकांना समांतर असतात, आणि वरच्या वळणाच्या आत एक बारीक उठावदार ठिपका असतो. हा ठिपका १० एक्सला, स्वच्छ नाण्यावर, नीट दिसतो. शेवटी जागा. खऱ्या नाण्यांसाठी दर्शनी बाजूचे चारच डाय वापरले गेले, म्हणजे "एस"च्या चारच जागा शक्य आहेत. पाचवी दिसली की नाणं खोटं.

१९१४-डी साठी खांदा आणि तारीख. ११,९३,००० च पाडली गेलेली ही नाणी खूपदा १९४४-डी च्या पहिल्या ४ चा १ करून बनवली जातात. १९४४ च्या नाण्यावर लिंकनच्या खांद्याखाली व्हीडीबी ही आद्याक्षरं आहेत, ती १९१८ पासून तिथे आली. १९१४ च्या नाण्यावर ती असणं शक्यच नाही. शिवाय ४ घासल्यामुळे ९ आणि १ यांच्यात नको तेवढी मोकळी जागा उरते. या नाण्याला काटा काही करू शकत नाही, कारण दोन्ही वर्षांच्या सेंटचं वजन ३.११ ग्रॅमच आहे.

१९२२ चा "नो डी" सगळ्यात गोंधळाचा. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरला पडले, म्हणजे मिंटमार्क नसलेलं प्रत्येक नाणं डाय झिजल्यामुळे किंवा घासल्यामुळेच आलेलं. बाजारात खरी मागणी आहे ती दुसऱ्या डायजोडीला. त्यात "डी"चा मागमूस नाही, मागची बाजू ठसठशीत, गव्हाच्या कणसांवरच्या रेघा स्पष्ट, तारखेतला दुसरा २ पहिल्यापेक्षा तीक्ष्ण आणि "ट्रस्ट" हा शब्द बाकी घोषवाक्यापेक्षा उठून दिसणारा. मागची बाजू मऊ असेल तर ते दुसऱ्या डायजोड्यांचं नाणं आहे आणि किंमत खूप खाली येते. "डी" पुसट का होईना दिसत असेल तर तो "वीक डी", आणखी खाली. उरला खरडून काढलेला "डी". त्या जागी तिरक्या उजेडात धातू ओरखडलेला किंवा खोलगट दिसतो, आजूबाजूच्या भागाशी त्याचा पोत जुळत नाही.

इंडियन हेडमध्ये १८७७ (८,५२,५०० नाणी) बघताना आधी नाणं उलटं करा. चलनासाठी पाडलेल्या खऱ्या १८७७ वर "वन"मधला "एन" मध्ये उथळ, पुसट असतो. झिजलेल्या नाण्यावर तो ठळक दिसला तर तारीख बदललेली असण्याची शक्यता मोठी, कारण ठळक "एन" प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या) नाण्यांवरचा. १८८६ मध्ये दोन प्रकार: मुकुटाचं शेवटचं पीस "अमेरिका"मधल्या "आय" आणि "सी"च्या मधल्या जागेकडे रोखलेलं असेल तर पहिला, "सी" आणि "ए"च्या मधे असेल तर दुसरा. इथे भिंगही लागत नाही. १८६४ च्या कांस्य सेंटवर "एल" आहे की नाही हे बघायला मात्र नाणं थोडं फिरवावं लागतं. मानेमागे लोंबणाऱ्या रिबिनीच्या टोकाशी तो असतो आणि सरळ उजेडात हरवतो. नाणं झिजून "एल" गेला असेल तर छातीचं टोक बघा. टोकदार असेल तर "एल"वालं, गोलसर असेल तर बिनएलचं.

१९३७-डी तीन पायांच्या बफेलोत खोट्याची ओळख सोपी आहे, तरी लोक फसतात. खऱ्या नाण्यावर पुढचा उजवा पाय डाय जास्त घासल्याने गेला आहे, पण खूर शिल्लक आहे. पाय कापून काढलेल्या नाण्यावर बहुधा खूरही गेलेला किंवा त्याच्याभोवती धातू खरवडलेला असतो. शिवाय खऱ्यावर पोटापासून जमिनीकडे उठावदार ठिपक्यांची तिरकी रांग उतरते आणि मागच्या पायाची कड कुरतडल्यासारखी दिसते. ही ठिपक्यांची रांग १० एक्सला लगेच सापडते. "२०० एक्स"वर मात्र ती शोधताही येत नाही, कारण पडद्यावर एका वेळी दोन-तीन ठिपकेच मावतात. निकेलची कडही बघून ठेवा. काही वेळा कडेतून भोक पाडून आतून ठोकून मिंटमार्क उठवलेला असतो आणि ते भोक नंतर बुजवलेलं असतं.

मर्क्युरी डाइमच्या १९४२/१ मध्ये २ च्या डाव्या बाजूला १ डोकावतो. हाही हबचाच प्रकार: एक दाब १९४१ च्या हबने, दुसरा १९४२ च्या. म्हणून ४ लासुद्धा दुहेरी कड असायला हवी. ४ अगदी साफ एकेरी असेल आणि फक्त २ शेजारी १ असेल तर कुणीतरी कोरलेला आहे.

काटा

संचातली एकमेव वस्तू जी जाहिरातीइतकी चांगली निघते ती काटा, आणि स्वस्तातला काटाही चालतो, फक्त वापरण्याची शिस्त हवी. चालू करून काही मिनिटं तसाच ठेवा, पंखा बंद करा, टेबल हलणारं नको. सोबत येणारं कॅलिब्रेशनचं वजन बहुधा ५० किंवा १०० ग्रॅमचं असतं. ३ ग्रॅमच्या नाण्यासाठी त्याने काही सिद्ध होत नाही. ५ ग्रॅमचं प्रमाणित वजन वेगळं घ्या आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ठेवून बघा. नाणं पारड्याच्या मध्यावर, एकदाच ठेवा, हळूहळू सरकवत नको. हे काटे शून्य आपोआप सांभाळतात आणि सावकाश वाढणारं वजन गिळून टाकतात. तीनदा वजन करून तिन्ही आकडे ०.०२ ग्रॅमच्या आत आले पाहिजेत. वारंवार वेगळे आले तर आधी सेल बदला.

पाठ असावेत असे आकडे: १८५९ ते १८६४ मधला तांबे-निकेलचा सेंट ४.६७ ग्रॅम, त्यानंतरचा कांस्य सेंट ३.११, १९४३ चा जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी सेंट सुमारे २.७, १९८२ पासूनचा जस्ताचा सेंट २.५, निकेल ५.००, चांदीची डाइम २.५०. कांस्य सेंटला टांकसाळीने ०.१३ ग्रॅम इकडेतिकडे सूट दिलेली होती, आणि वापराने झिजलेलं नाणं त्याच्याही खाली जाऊ शकतं. म्हणून ३.०५ बघून घाबरायचं कारण नाही, २.८ बघून मात्र थांबा.

काटा सगळ्यात जास्त कामाला येतो १९८२ मध्ये. त्या वर्षी कांस्य आणि जस्त दोन्ही, मोठी तारीख आणि लहान तारीख दोन्ही, फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर दोन्ही. नेहमीच्या मोजणीत सात प्रकार येतात. आठवा, म्हणजे डेन्व्हरचा लहान तारखेचा कांस्य सेंट, नव्हताच असं धरलं जाई. २०१६ मध्ये त्यातला पहिला समोर आला. तारीख लहान आणि मिंटमार्क "डी" असेल तर काट्यावर ठेवा, २.५ आलं की पुढचं नाणं, ३.१ आलं तर नाणं कापडात गुंडाळा आणि तज्ज्ञाकडे पाठवायची तयारी करा. या दोन वजनांच्या मधे इतकं अंतर आहे की गफलतीला जागाच नाही.

१९४३ च्या "तांब्याच्या" सेंटला आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी सेंट, प्रकरण मिटलं. चिकटला नाही आणि वजन ३.१ आलं तरी आनंद करू नका, १९४८ च्या ८ चा अर्धा भाग खरवडून ३ करणं जुनी युक्ती आहे. साधा १९४३ पोलादी सेंट शेजारी ठेवून ३ चा आकार ताडून बघा. दोन्ही एकाच प्रकारच्या हबमधून आलेले असायला हवेत.

वजन बरोबर म्हणजे नाणं खरं, हा समज सोडा. बदललेली नाणी मुळात टांकसाळीचीच असतात, त्यांचं वजन चोख असणारच. वजनाने सापडतात ती पूर्णपणे बनावट नाणी आणि चुकीच्या धातूची नाणी. मजेशीर उदाहरण १९४४ च्या हेनिंग निकेलचं. युद्धकाळातल्या निकेलवर मागे मॉन्टिसेलो या इमारतीच्या घुमटावर मोठा मिंटमार्क असतो, फिलाडेल्फियासाठीसुद्धा "पी". हेनिंग नावाच्या बनावट नाणी पाडणाऱ्याने तो लावलाच नाही आणि वजनही जास्त ठेवलं, सुमारे ५.४ ग्रॅम. आज त्याचीच नाणी लोक जमवतात.

यूएसबी मायक्रोस्कोप

"१००० एक्स" हा आकडा काढताना बहुधा पडद्याचा आकार आणि सॉफ्टवेअरचं झूम दोन्ही गुणलेलं असतं. खरा प्रश्न विचारा: एका वेळी नाण्याचा किती भाग दिसतो? ५३ सेंटिमीटर रुंद पडद्यावर नाण्याचा साधारण १०.६ मिलिमीटर भाग पसरला तर ते ५० पट. २०० पटीला अडीच मिलिमीटरच्या आसपास उरतो. सेंटवरचा मिंटमार्क मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तिथे त्याच्याभोवती काहीच संदर्भ राहत नाही. त्यापुढचं मोठेपण फक्त पिक्सेल ताणून आलेलं. सेन्सर मूळचा दोन मेगापिक्सेलचा असेल आणि खोक्यावर जास्त लिहिलं असेल तर फरक सॉफ्टवेअरने भरलेला असतो. सेंटचा सगळा १९ मिलिमीटरचा चेहरा आणि ४-५ मिलिमीटरचा एक तुकडा, या दोन टप्प्यांवर चित्र स्वच्छ आलं की पुरे. विकत घेताना तेवढंच तपासा.

दिव्यांचं कडं ही मोठी खोट. भिंगाभोवतीचे एलईडी नाण्यावर सरळ वरून उजेड टाकतात. त्यामुळे उतार दिसेनासे होतात आणि सपाट पृष्ठभाग चमकतात. मशीन डबलिंगची चपटी पायरी या उजेडात अशी लखलखते की ती दुसरं अक्षरच वाटते. १९८२ नंतरच्या जस्ताच्या सेंटवर अक्षराशेजारी तांब्याचा मुलामा फाटून आतलं पांढरं जस्त रेघेसारखं दिसतं, तेही डबलिंग म्हणून खपवलं जातं. उपाय हाताशी आहे. वायरीवरच्या चाकाने एलईडी पूर्ण बंद करा आणि बाजूला एकच टेबललॅम्प, नाण्यापासून २५-३० सेंटिमीटरवर, तिरका ठेवा. छतावरचा दिवा बंद. लॅम्प हलवू नका, नाणं फिरवा आणि संशयित जागा चारही दिशांनी बघा. चारही दिशांनी टिकलं तरच ते डबलिंग.

दुसरी खोट उठाव आणि खोलगटपणा. एका कॅमेऱ्यातून सपाट चित्र येतं आणि उजेड खालून आला की उठाव खड्ड्यासारखा दिसतो. नाण्यावरचा ओरखडा खोल असतो, डायवरचा ओरखडा नाण्यावर उठावदार येतो. व्हरायटीच्या खुणा जवळजवळ सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या. चित्रातली सावली कुठल्या बाजूला आहे हे लॅम्पच्या जागेशी दर वेळी ताडून बघा. हा त्रास ज्याला रोजचा आहे त्याने संच घेण्याऐवजी दोन डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्यावा, १० ते ३० एक्स पुरतो. खर्च कितीतरी जास्त, पण उठाव आणि खड्डा यात संशय राहत नाही, आणि नाणं व भिंग यांच्यात दिवा तिरका ठेवायला भरपूर अंतर मिळतं.

स्टँड बहुतेक डुगडुगतो. फोटोचं बटण मायक्रोस्कोपवरच असतं आणि ते दाबलं की चित्र हलतं, म्हणून माउसने सॉफ्टवेअरमधून फोटो घ्या. नाणं जरा तिरकं असलं तरी अर्धा भाग धूसर होतो, कारण स्पष्ट दिसण्याची खोली फार थोडी.

एवढी नावं ठेवूनही हे यंत्र एका कामात भिंगाला मागे टाकतं. ते काम म्हणजे मिंटमार्कची जागा. १९०९-एस व्हीडीबीच्या चार जागा किंवा १९१६-डी डाइमचे (२,६४,००० नाणी) मागच्या बाजूचे चार डाय डोळ्यांनी ताडताना अंदाज चुकतो. तारखेचा आणि मिंटमार्कचा भाग दोन्ही एका चौकटीत घेऊन फोटो काढा. पीसीजीएस या नाणी प्रमाणित करणाऱ्या कंपनीच्या कॉइनफॅक्ट्स संकेतस्थळावरचा खात्रीच्या नाण्याचा फोटो घ्या, तिथे ते फुकट बघता येतात आणि त्यांचा दर्जा चांगला आहे. कुठल्याही साध्या फोटो-संपादकात दोन्ही एकावर एक ठेवा, वरचा अर्धपारदर्शक करा आणि आधी तारखेचे आकडे जुळवा, फक्त फिरवून आणि लहानमोठं करून, ताणून नाही. आकडे जुळले की "एस" किंवा "डी" कुठे पडतो ते बघा. सॉफ्टवेअरच्या मोजपट्टीने मिलिमीटर मोजणार असाल तर फोकसचं चाक त्याच जागी ठेवून आधी स्टीलच्या पट्टीचा फोटो काढून कॅलिब्रेट करा. चाक हललं की आधीचं कॅलिब्रेशन रद्द.

छोट्या डायखुणा आणि डायच्या अवस्था ताडण्यासाठी व्हरायटीव्हिस्टा हे संकेतस्थळ जास्त कामाचं. मांडणी जुनी आहे, काही फोटो छोटे आहेत, पण कुठल्या डायवर कुठली रेघ आणि ती कधी दिसेनाशी होते हे तिथे लिहिलेलं सापडतं. विक्रेते एफएस क्रमांक (व्हरायटींच्या फिव्हाझ-स्टँटन यादीतला क्रमांक) लिहितात. त्यात १०१ पासूनचे क्रमांक दर्शनी बाजूच्या डबल डायचे, ५०१ पासूनचे मिंटमार्कचे, ८०१ पासूनचे मागच्या बाजूच्या डबल डायचे. विक्रेता "दर्शनी बाजूचा डबल डाय" म्हणत ८०१ लिहीत असेल तर त्याने नाणं बघितलेलं नाही, कॉपी-पेस्ट केलं आहे. नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या तशाच कंपनीकडे पाठवताना व्हरायटी नोंदवायची आहे हे फॉर्मवर वेगळं मागावं लागतं, त्याची फीही वेगळी, आणि ते मागितलं नाही तर लेबलावर नुसती तारीख आणि मिंटमार्क येऊ शकतो.